नरडाणा नावाचा विषय

"मॅडम, हा ब्लॉग दिवाळीनंतर बंद करू या. कोणी बघतच नाही," प्राचार्य म्हणाले. त्यांचं खरं होतं, म्हणून जास्तच लागलं.

मी जळगावच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. ब्लॉगवर मी सब्जेक्ट गाइड लिहायचे. म्हणजे एखाद्या विषयाला कोणती पुस्तकं, कोणती जर्नल्स, ती कुठे सापडतील. प्रत्येक पोस्टला टॅग, म्हणजे एक चिठ्ठी. तिच्यावर क्लिक केलं की त्याच चिठ्ठीच्या सगळ्या पोस्ट समोर येतात. माझे टॅग अगदी शास्त्रशुद्ध. मृदाशास्त्र, जलव्यवस्थापन. पोरं तिकडे ढुंकून बघत नव्हती.

पोरं काउंटरवर येत आणि पाटील सरांनी सांगितलेलं पुस्तक मागत. आमचा अर्धा स्टाफ पाटील. कोणते पाटील, असं मी सवयीने विचारायचे. नरडाण्याचे म्हटलं की मी मातीच्या कपाटाकडे, दोंडाईच्याचे म्हटलं की पाण्याच्या.

एका दुपारी, जेवणानंतर पंख्याखाली डोळे जड झालेले असताना, पुन्हा कोणीतरी "नरडाण्याचे" म्हणालं. पुस्तक दिलं आणि तशाच पेंगुळल्या अवस्थेत माती आणि पाण्याच्या गाइडना मी टॅग टाकले: नरडाणा, दोंडाईचा.

जो टॅग जास्त दाबला जातो, तो पानावर मोठा दिसतो. हळूहळू गावं मोठी होऊ लागली. संध्याकाळी मेहरूणच्या तलावाकाठी चालताना पाण्यात दिवे हलायचे आणि मला तीच गावं दिसायची, पॅसेंजरमध्ये अर्धवट झोपेत एकेक स्टेशन यावं तशी. नोकरीत इतकं सुख मला क्वचितच मिळालं.

"ही विषयसूची आहे की एसटी स्टँडचा बोर्ड?" प्राचार्यांनी विचारलं. पण व्हिजिट वाढल्या होत्या. दोन्ही पाटील सरांची हरकत नसेल तर राहू द्या, म्हणाले.

हरकत होती. माती शिकवणारे नरडाण्याचे पाटील सर दुसऱ्याच दिवशी काउंटरवर आले. ते नाव काढा, म्हणाले. एरवी माझ्याशी शुद्ध बोलणारे सर त्या दिवशी घरच्या बोलीवर आले.

"मन्ही बठ्ठी जमीन कारखानास्मा गयी, मॅडम. आते कसानं गाव?"

सगळी जमीन गेली, आता कसलं गाव, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. ब्लॉग गेला तर गेला, असं म्हणून मी टॅग काढायला लॉगिन केलं.

तेवढ्यात पहिल्या वर्षाची एक मुलगी आली. सर दुसऱ्या वर्षाला शिकवायचे, त्यामुळे ती त्यांना ओळखत नव्हती.

"मॅडम, नरडाणा आम्हाला पुढच्या वर्षी आहे ना?"

मी तिची चूक सांगणार, तोच सर म्हणाले, "शे." मग चष्मा काढून पुसत राहिले. "पुढच्या वर्षी आहे. पण वाचायला आत्ताच घे."

मी लॉगआउट केलं.

सर आता रिटायर झालेत. त्यांच्या जागी आलेल्या सरांचं गाव वेगळं आहे, तरी पोरं नरडाणाच मागतात. गाइड विषयाच्या नावाने लावावं, असं आम्हाला शिकवलं होतं. ते बरोबरच आहे. फक्त विषयाचं नाव कोण ठरवतं, ते शिकवलं नव्हतं.