हेमलताबाई वाचतात

हेमलताबाईंचं घराणं बंगळूरचं आणि मराठी. साडेतीनशे-पावणेचारशे वर्षांपूर्वी कुणी पूर्वज फौजेबरोबर इकडे आले, फौज परत गेली आणि हे राहिले, एवढीच माहिती घरात होती. त्यापलीकडे कुणाला फारसं कुतूहल नव्हतं. घरात मराठी बोलायची आणि उंबरा ओलांडला की कन्नड. त्या मराठीतही कन्नड मिसळायचीच: 'स्वल्प थांब', म्हणजे जरा थांब, आणि 'सरी, उद्या बघू', म्हणजे बरं, उद्या बघू. देवनागरी त्यांना आईने पोथीवरून शिकवली होती, पुढे शाळेत हिंदी होती म्हणून ती टिकली.

चामराजपेटेत एका गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. नवरा पद्मनाभ पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात लेथवर काम करायचा. पहाटे उठून दाढी करायचा, डबा घ्यायचा, बस पकडायचा. मुलगी संयोगिता लग्न होऊन म्हैसूरला गेली होती. सांगण्यासारखं त्या घरात फार काही घडलं नव्हतं, दोन हजार एकवीसच्या मे महिन्यापर्यंत.

त्या महिन्यात दोघेही एकदमच तापाने पडले. खाट मिळेल तिथे न्यायचं असे ते दिवस. पद्मनाभला शहराच्या एका टोकाला जागा मिळाली, हेमलताबाईंना दुसऱ्या. त्यांना नळी लावलेली होती, बोलता येत नव्हतं. बऱ्या होऊन बाहेर पडल्या तेव्हा गाडीत संयोगिताने त्यांचा हात धरला आणि बाबा गेल्याचं सांगितलं. त्याला आठवडा उलटून गेला होता. सगळं उरकलं होतं. धाकटे दीर फत्तेसिंग यांनी सगळं केलं होतं, अगदी श्रीरंगपट्टणाला जाऊन कावेरीत अस्थी सोडण्यापर्यंत. घर धुऊन काढलेलं, पद्मनाभचे कपडे देऊन टाकलेले, भिंतीवर फोटो आणि फोटोला हार. हेमलताबाईंनी फोटोकडे पाहिलं आणि विचारलं, "दूध आलंय का?"

संयोगिताला वाटलं, आत्ता कळलेलं नाही, उद्या रडेल. दुसऱ्या दिवशी त्या रडल्या नाहीत. वर्षश्राद्धालाही नाही. भेटायला येणाऱ्या बायका त्यांच्या गळ्यात पडून रडायच्या. हेमलताबाई त्यांची पाठ थोपटायच्या आणि कॉफी टाकायला उठायच्या. कॉफी चांगली करायच्या. जेवायच्या, झोपायच्या, बाजारात जाऊन अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा पारखून आणायच्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी त्या नेमाने घेतल्या. पण हाताला चटका बसला तरी तो दुसऱ्याच कुणाच्या हाताला बसल्यासारखा वाटतो, असं त्या एकदा संयोगिताला फोनवर म्हणाल्या. म्हणाल्या तेही तक्रार म्हणून नाही, हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

संयोगितानेच मग ते काम शोधून काढलं. त्यांच्या घराजवळच एक लहानशी संस्था होती, दृष्टिहीनांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारी. कन्नड वाचणारे पुष्कळ होते, मराठी वाचणारं कुणीच नव्हतं. "तेवढाच घराबाहेर पाय पडेल, आई," ती म्हणाली. हेमलताबाईंनी ना हो म्हटलं ना नाही. सोमवारी चपला घालून गेल्या.

संस्था म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत भिंतींना स्पंज लावलेला, मधे जाड काच. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद ठेवायचा. काम बघणारे शेषगिरी पूर्वी टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान चालवायचे. त्यांनी हेमलताबाईंना एक पान वाचायला दिलं, डोळे मिटून ऐकलं आणि कन्नडमध्ये म्हणाले, "अक्का, आवाज स्वच्छ आहे. पण त्यात चढ नाही, उतार नाही. गोष्टीतला माणूस मेला काय आणि लग्नाला निघाला काय, तुमचं एकच."

"मग नको?" हेमलताबाईंनी विचारलं.

"नको कुठे म्हणतोय? मराठीला तुम्हीच एकट्या आहात. बसा."

ज्या मुलीसाठी हे मराठी वाचन हवं होतं तिचं नाव मनस्विनी. नागपूरची, जन्मापासून अंध, बंगळुरातच एचएसआर लेआउटमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. नोकरी सांभाळून घरबसल्या इतिहासात एम.ए. करत होती आणि जगाच्या आधुनिक इतिहासाचं जे जाडजूड मराठी पुस्तक तिला लागत होतं ते जुन्या छपाईचं होतं. कंप्युटर ते वाचायचा, पण जोडाक्षर आलं की अडखळायचा आणि भलतंच काही बोलायचा.

पहिली प्रकरणं ऐकून मनस्विनीचा फोन आला. "काकू, खूप मस्त वाचता तुम्ही. फक्त एक सांगू? रागावू नका हं. तुम्ही 'जग' म्हणताना 'जीवन'मधला ज म्हणता. तो 'जहाज'मधला पाहिजे. आणि पुस्तकभर जगच आहे हो!"

हेमलताबाईंनी जीभ दातांजवळ नेऊन दोन-तीनदा म्हणून पाहिलं. बंगळुरात त्यांच्या आईपासून सगळे तसंच म्हणत आले होते. "सरी," त्या म्हणाल्या. पुढच्या पानापासून त्यांनी तो ज सांभाळला.

असं वाचन सुरू झालं. कारखान्यांत जुंपलेली लहान मुलं, जहाजांच्या तळाशी साखळ्यांनी बांधून नेलेली माणसं, पहिल्या महायुद्धातले चिखलाने भरलेले खंदक. बंगालच्या दुष्काळात दारोदार फिरून भाताची पेज मागणारे लोक, कारण भात मागायची त्यांची छाती होत नव्हती. हेमलताबाई हे सगळं एका लयीत वाचत गेल्या. शेषगिरी काचेपलीकडे बसून कधी चष्मा काढून डोळे पुसायचे. हेमलताबाई पान उलटायच्या.

"तुम्हाला काही होत नाही का, अक्का?" त्यांनी एकदा विचारलं.

"घसा दुखतो," हेमलताबाई म्हणाल्या.

मनस्विनीला मात्र ते वाचन आवडायचं. ती म्हणायची, "दुसरे लोक वाचताना इतके रडवेले होतात ना काकू, की मला वाटतं, मी आता यांना सावरू की नोट्स काढू? तुमचं तसं नाही. तुम्ही सांगता फक्त. मग माझं मी बघते काय वाटायचं ते."

दुसऱ्या महायुद्धाच्या प्रकरणात लेनिनग्राडचा वेढा आला. शहर शत्रूने घेरलेलं, कडाक्याची थंडी, खायला पावाचा तुकडा आणि तोही लाकडाचा भुसा मिसळलेला. माणसं इतकी मरत होती की वाहून न्यायला वाहन उरलं नाही. बायका आपल्या घरचा मृतदेह चादरीत गुंडाळून, मुलांच्या बर्फावरच्या घसरगाडीवर बांधून, स्वतःच दफनभूमीपर्यंत ओढत नेत. हेमलताबाईंनी ते वाचलं, पुढचा परिच्छेद वाचला, प्रकरण संपवलं आणि पाणी प्यायल्या.

शेषगिरी दार उघडून आत आले. "अक्का, मधे का थांबलात?"

"कुठे थांबले?"

त्यांनी रेकॉर्डिंग लावून दाखवलं. 'ओढत नेत' असं हेमलताबाईंचा आवाज म्हणाला आणि त्यानंतर काहीच नाही. बराच वेळ नुसती बंद खोली, आणि त्यांचा स्वतःचा श्वास. मग जणू काही झालंच नाही असा पुढचा परिच्छेद सुरू.

हेमलताबाईंनी दोनदा ऐकलं. "मी थांबले नव्हते," त्या म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं. पुन्हा तिथेच तसंच झालं. शेषगिरींनी काचेवर टकटक केली तेव्हा त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "काय झालं?"

मधली शांतता कापून टाकणं शेषगिरींना अवघड नव्हतं. पण हेमलताबाईंनीच नको म्हटलं. ते वाचता आलं पाहिजे, एवढंच म्हणाल्या. मनस्विनीला फोन करून उशीर होईल असं कळवलं, तेव्हा ती म्हणाली, "काकू, सोडून द्या ना ते पान. परीक्षेत इतकं डिटेलमध्ये विचारत नाहीत. पण आहे काय तिथे?"

"बायको नवऱ्याला ओढत नेते. पुरायला."

"मग?"

"मग काही नाही. तेवढंच आहे." त्या पुढे म्हणाल्या, "मी नव्हते तिथे."

"तुम्ही कशा असणार काकू, रशियात?" मनस्विनी हसली आणि मग हसायची थांबली. पद्मनाभचं तिला शेषगिरींकडून कळलेलं होतं. "कोण होतं तेव्हा?" तिने विचारलं.

"भावजी. माझे दीर."

"त्यांनी सांगितलं असेल ना?"

"मी विचारलंच नाही."

"तर विचारा ना," मनस्विनी म्हणाली, आणि तिची मीटिंग होती म्हणून तिने फोन ठेवला.

फत्तेसिंग वर्षश्राद्धानंतर या घरी फारसे आलेच नव्हते. बस डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त. थोरल्याचं नाव शेजारच्या आचार्यांनी सुचवलेलं आणि धाकट्याचं घरच्या रीतीचं, म्हणून पद्मनाभ आणि फत्तेसिंग अशी ही जोडी गल्लीत सगळ्यांच्या गमतीचा विषय होती. हेमलताबाईंनी फोन केला. "भावजी, रविवारी जेवायला या."

ते आले. खाली मान घालून जेवले. ताटं उचलून झाल्यावर हेमलताबाई समोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "त्या दिवशी काय काय झालं ते सांगा."

"आता कशाला, वैनी?"

"मला माहीत नाही म्हणून."

फत्तेसिंगांनी हातातल्या टॉवेलची कड मुडपली. मग सांगू लागले. हॉस्पिटलच्या मागच्या दारी बोलावलं होतं. ॲम्ब्युलन्समध्ये आणखी तीन जण होते, पद्मनाभसारखेच. गाडी शहराबाहेर एका जुन्या दगडखाणीजवळच्या मैदानावर नेली, कारण शहरातल्या विद्युतदाहिन्यांबाहेर रांगा होत्या. मैदानावर सगळीकडे चिता. एकीची आच दुसरीला लागत होती. उन्हात उभं राहावं लागलं. कुणीतरी पाण्याची बाटली दिली, पण ती प्यावी की नाही ते कळेना.

"बघितलंत का तुम्ही त्यांना?"

"पिशवीत होता ना. तोंड दाखवत नव्हते. मी हात जोडले. म्हटलं, एकदाच, नाहीतर मी कुणाला अग्नी दिला ते मला जन्मभर कळणार नाही. मग त्या माणसाने चेन ओढली, स्वल्प, एवढीच." त्यांनी वीतभर अंतर दाखवलं. "आणि वैनी, मला वाटलं हा आपला अण्णा नाही. दाढी वाढलेली होती. सगळी पांढरी."

"पांढरी?"

"कापसासारखी. मी म्हटलं, अहो हे कुणी म्हातारे आहेत, चूक झालीय तुमची. मग भुवई दिसली. लेथवरची कपची उडून लागली होती ना तिथे, ती खूण. तेव्हा कळलं."

टॉवेल तोंडावर धरून फत्तेसिंग रडू लागले, मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल असे. म्हणत राहिले की मी त्याला ओळखलं नाही, माझ्या सख्ख्या भावाला मी म्हातारा म्हटलं, कुणाला सांगितलं नाही मी हे, बायकोलाही नाही.

हेमलताबाई बसून होत्या. लग्नानंतर सगळा संसार त्यांनी पद्मनाभला रोज दाढी केलेलाच पाहिला होता. दाढी वाढली तर ती पांढरी येईल हे त्यांना माहीतच नव्हतं. फोटोतल्या गुळगुळीत गालांवर ती दाढी बसवून पाहायचा त्यांनी प्रयत्न केला. बसली नाही. नंतर एकदम बसली, आणि तो माणूस अनोळखी दिसला, आणि मग तितकासा अनोळखी राहिला नाही. आपले पाय गार पडले आहेत हे त्यांना कळलं. उठून त्यांनी पायावर शाल घेतली. भर एप्रिलमध्ये.

"लाकडं पुरेशी होती का?" त्यांनी विचारलं.

"होती," फत्तेसिंग म्हणाले.

बुधवारी त्या संस्थेत गेल्या आणि ते प्रकरण वाचून काढलं. शेषगिरींनी ऐकलं आणि मान हलवली, ठीक आहे म्हणून. वाचन आधीसारखंच होतं, सपाट. 'ओढत नेत' नंतर त्या जरा अडखळल्या, वाक्य पुन्हा घेतलं आणि पुढे गेल्या. शेषगिरींनी तेवढा तुकडा कापला. मनस्विनी परीक्षा पास झाली. जगाच्या इतिहासाच्या पेपरात तिला बाकीच्या पेपरांपेक्षा कमीच गुण मिळाले, कारण, तिच्या म्हणण्याप्रमाणे, वेढ्यावर एक अक्षरही विचारलं नव्हतं. हसत हसत तिने हे कळवलं आणि आता दुसऱ्या वर्षाचं पुस्तक कधी सुरू करायचं असं विचारलं. ते आफ्रिकेवरचं आहे. हेमलताबाईंनी नावांचे उच्चार आधी विचारून घेतले.

त्या अजून रडलेल्या नाहीत. संयोगिताने आता विचारायचं सोडलंय. पण फत्तेसिंग मात्र दर रविवारी येतात. बोलायला लागले की त्यांना थांबताच येत नाही. ते मैदान, ती रांग, श्रीरंगपट्टणाला जाताना रिकाम्या बसमध्ये मांडीवर धरलेलं मडकं, त्याआधीचं लहानपण, दोघा भावांनी मिळून चोरलेली चिंच. मागच्या रविवारचंच पुन्हा सांगतात, कधी थोडं वेगळं. त्यांची बायको म्हणते, घरी हे इतकं बोलत नाहीत. हेमलताबाई समोर परातीत शेंगा घेऊन बसतात, दाणे सोलत ऐकतात, आणि ते मधेच थांबले तर म्हणतात, "हां, मग?"