मामांचा नारळ आणि दूरचा ग्रह

माझे थोरले मामा, ज्यांच्यामुळे मी घराण्यातला पहिला पदवीधर झालो, त्यांच्याइतका पाण्याचा जाणता माणूस अख्ख्या जत तालुक्यात नाही, असं एकमुखी मत होतं. ते मुख मामांचंच. मामा पाणाडे. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते अनवाणी रान चालायचे. नारळ उभा राहिला की तिथं विहीर. कुणाच्या लग्नात गेले तरी आधी जमीन बघून बसत, आणि एकदा तर खालून झरा जातोय म्हणून त्यांनी वरपक्षाची अख्खी पंगत उठवून दुसरीकडं बसवली. एसटीत खिडकीशी बसून ते कंडक्टरला झऱ्यांची खोली सांगत. पाचगणीला नेलं तर दरीकडं पाठ करून, डोंगरातले झरे बघत म्हणाले, "एवढं पाणी डोंगरावर टांगून ठेवलंय, काय उपेग?" त्यांच्या स्वतःच्या दारात मात्र टँकरच यायचा. वडील मला फौजेत धाडणार होते. मामांनी भांडून सांगलीला कॉलेजात घातलं. तिथंही वसतिगृहाच्या परसात नारळ फिरवून झाल्यावरच माझी ट्रंक आत नेली.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात गावी होतो. टँकरच्या रांगेत मी पेपरातली बातमी वाचून दाखवली, की लांबच्या एका ताऱ्याभोवती ग्रह सापडलाय, फार तापलेला नाही, फार गार नाही, तिथं पाणी असू शकेल. मामांनी विचारलं, ग्रह बघितला कुणी? मी सांगितलं, कुणीच नाही. तारा किंचित हलतो, त्यावरून ओळखलं.

मामा खुलले. "नुसतं हललेलं बघून? मग त्यांच्यात आन माझ्यात फरक काय रं?"

रांग हसली. मला ते विज्ञानाला हसल्यासारखं वाटलं. मी म्हणालो, "ते मोजून सांगतात मामा. तुमच्या किती विहिरींना पाणी लागलं, ते सांगा की."

आता रांग मामांना हसली.  मामा घागर तशीच रिकामी उचलून घरी गेले. त्यानंतर त्यांनी नारळ हातात धरला नाही. कुणी बोलवायला आलं तर म्हणत, "भाच्याला इचारा. त्यो मोजून सांगल." माझ्याशी बोलणंही बंद झालं.

मामांना वाचता येत नव्हतं. तरी पदवीचा निकाल लागल्यावर मी त्यांना पत्र टाकलं.

"तीर्थस्वरूप मामांस शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र शाळेच्या गुरुजींकडून टँकरच्या रांगेतच वाचून घ्यावं, कारण मी बोललो ते चारचौघांत बोललो. आमचे सर सांगत होते, त्या ग्रहावर पाणी असणं अवघड दिसतंय. तो तारा वाटला होता त्यापेक्षा लांब निघाला; लांबून एवढा दिसतो, म्हणजे मुळात जास्त प्रखर. ग्रह पार तापलेला असणार. मोजणाऱ्यांचंही चुकलं. पण त्यांना कुणी रांगेत उभं करून हसलं नाही. नारळावर माझा विश्वास नाही, हे तुमच्यापाशी खोटं बोलवत नाही. तरी रांगेला तुमच्यावर हसायला लावलं, ती चूक माझी. मी पास झालो. पदवी घ्यायला जाताना सोबत एकच माणूस नेता येतो. आई म्हणाली, माझ्या भावाला ने.

आपला भाचा."