ताटाच्या काठाची शाई

सुरतेत पांडेसऱ्याच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, "सुकदेव गेला," तर मी त्याच्यावर खेकसलोच. अरे, तासाभरापूर्वी माझ्या डब्यातली भाकर खाऊन हसत आत गेलेला माणूस! डाइंग मिलमध्ये रंगाच्या मशीनचं झाकण वाफेसकट उडालं... महिना झाला, मला अजून खरं वाटत नाही.

दुसरा तडाखा दुसऱ्या दिवशी बसला. तो कामावर मेला एवढं लिहून द्या, म्हणून आम्ही ऑफिसात गेलो. मॅनेजर मान वर न करता म्हणाला, "आ माणस अमारो नथी." आमचा माणूस नाही! नऊ वर्षं त्याच मशीनवर काढली हो त्यानं. पण आम्ही सगळेच ठेकेदाराचे, कार्ड कुणालाच नाही. "त्याचं नाव कुठं लिहिलंय? दाखवा," म्हणाला.

नावांचा एकच कागद होता, आमच्या युनियनच्या अर्जाचा. तो सुकदेवनंच उभा केला, जायच्या आदल्याच रात्री, कोसाडला त्याच्या खोलीत. पहिली सही करायला कुणी धजेना. ज्याचं नाव पहिलं दिसेल त्याला गेटबाहेर काढणार. सुकदेवनं जेवणाचं ताट धुऊन कागदावर पालथं घातलं, पेन फिरवून गोल काढला. "आता गोलवर सह्या करा. ताटले सुरवात ऱ्हास का रे?" ताटाला कुठली आली सुरुवात! खोलीभर हशा पिकला आणि भराभर सह्या पडल्या. शेवटी त्यानं पेन घेतलं, तर मीच हिसकावलं. "तू नको. तुलेच पहिले काढतीन." सगळ्यांनी माझीच री ओढली. तो चिडला, मग त्यानं ताट उचलून फळीवर ठेवलं.

कुठून सुचलं मला हे शहाणपण! त्याला वाचवायला निघालो आणि त्याचं असणंच पुसून बसलो. मॅनेजरसमोर तो कागद मी तीनदा गोल फिरवून पाहिला... सगळे होतो, तो नव्हता.

परवा सुकदेवच्या घरी वहिनीकडे गेलो. तिनं घरातल्या सगळ्यांना ज्याच्या त्याच्या ताटात वाढलं. सुकदेवचं ते एक ताट मात्र फळीवर उभं. काठावर निळ्या शाईची रेघ. मी उगाच म्हणालो, "राखेनं निघंल ती."

"मी हाई घासत नही, भाऊ," वहिनी म्हणाली. "त्यासनी सही इतलीच शे."