दर्शनाच्या वतीने

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि जिला सांगायला हवं, तिला तर नाहीच. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणूनच की काय, जीभ जरा सैल पडतेय.

बेलापूरच्या खाडीकाठी आमचा स्वयंसेवकांचा एक छोटा गट आहे. रविवारी खारफुटीत अडकलेलं प्लास्टिक काढायचं, संध्याकाळी शेजारच्या दिवाळे गावातल्या मुलांचा अभ्यास घ्यायचा, एवढंच काम. मी सेक्टरातल्या फ्लॅटमधली, आई-बाबा दोघं नोकरीवाले. दर्शना दिवाळ्यातल्या कोळ्यांची. सकाळी आईबरोबर बाजारात मासळी विकायची आणि रविवारी आमच्याबरोबर चिखलात उतरायची — कमरेपर्यंत. मी काठावर उभी राहून फोटो काढायचे. छान यायचे हं माझे फोटो.

काही वर्षांपूर्वी परदेशातल्या एका संस्थेने तरुण स्वयंसेवकांच्या देवाणघेवाणीत आमच्या गटाला एक जागा दिली. तिकडे एका तळ्याकाठच्या गावात तीन महिने राहायचं, तिथल्या पोरांबरोबर काम करायचं. मग तिकडचं कुणीतरी आपल्याकडे येणार. गटाने दर्शनाचं नाव दिलं. माझं राखीव — तिचं नाही जमलं तर मी. मी टाळ्या वाजवल्या — मनापासून वाजवल्या का? आठवायला गेले तर नुसते हात आठवतात.

त्या दिवसांत मी जागेपणीच स्वप्नात असायचे. पाम बीच रस्त्याने बस जायची आणि खिडकीबाहेरच्या पाणथळीचं हळूहळू ते दूरचं तळं व्हायचं. काठावर धुकं, धुक्यात लाकडी बाक, बाकावर मी. दर्शना त्यात कुठेच नसायची. माणूस स्वप्नातसुद्धा किती आपमतलबी असतो, नाही?

मुलाखत लॅपटॉपवर होती. इंग्रजी येत नसेल तर सोबत कुणाला बसवा, असं त्यांनीच कळवलं होतं. आणि आमच्या गटाची पद्धतच अशी — ज्याला इंग्रजी येतं त्याने सगळ्यांचे फॉर्म भरायचे, सगळ्यांच्या वतीने बोलायचं. जिचं नाव राखीव आहे तीच दुभाषी कशी, हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. माझ्या आलं होतं. मी गप्प बसले.

दुपारची वेळ. दर्शनाने नवा ड्रेस घातला होता, गजरासुद्धा. पडद्यावर दोन हसऱ्या बायका. पहिले चार प्रश्न, पहिली चार उत्तरं मी इकडून तिकडे नीट पोचवली — अगदी प्रामाणिकपणे. मग त्यांनी विचारलं, तीन महिने घर सोडून राहायला जमेल का? दर्शना खुर्चीच्या टोकावर सरकली.

"मना जायाचाच हाय. आय बोलली, बाजाराचा मी बगते, तू जा."

आणि मी — सांगतेच आता — मी इंग्रजीत म्हणाले, की तिची इच्छा खूप आहे, पण आईचा बाजार तिच्यावरच आहे, तीन महिने अवघड जाईल. तेही हळुवार आवाजात, तिची बाजू मांडत असल्यासारखं. शेजारी दर्शना मान डोलवत होती. तिला वाटलं, तिचंच बोलणं चाललंय. पडद्यावरच्या बायकांनीही समजुतीने मान डोलवली. माझा आवाज कापलासुद्धा नाही.

आठवड्याने पत्र आलं. तेही मीच वाचून दाखवलं. नकाराचं कारण त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. ती ओळ मी गाळली.

मी निघाले त्या दिवशी दर्शनाच्या आईने माझ्या हातावर दही ठेवलं. दर्शनाने स्वतःसाठी हौसेने घेतलेलं जाड जाकीट माझ्या हाती दिलं, म्हणाली, तिकडं थंडी लय असंल. मी ते घेतलं. नको म्हणणं जास्त संशयास्पद दिसलं असतं — हा हिशोब मी तिच्या उंबऱ्यावर उभी राहून केला, हेही सांगून टाकते.

तिकडचे तीन महिने? सुंदर होते. खोटं कशाला बोलू. तळं होतं, धुकं होतं, बाकसुद्धा होता. मी त्या लोकांना दिवाळ्याच्या होड्यांबद्दल, चिखलात उतरण्याबद्दल तासन्‌तास सांगितलं आणि त्यांनी मला धाडसी म्हटलं. दर्शनाच्या जाकिटाच्या खिशांत हात घालून मी तळ्याला फेऱ्या मारायचे. पाण्यावरून चालल्यासारखं हलकं वाटायचं. लाज वाटायची ती फार नंतर, आणि तीही अधूनमधून.

गेल्या महिन्यात गटाला पुन्हा तसंच बोलावणं आलं. या वेळी नाव नावडे गावच्या प्राचीचं. कॉलेजात शिकते, आमच्याकडे नवी आहे, तिचंही इंग्रजी कच्चं. आता दिवाळ्याचा अभ्यासवर्ग दर्शनाच चालवते. ती प्राचीला समोर बसवून समजावत होती. म्हणाली, "नीट तयारी कर गो. मी नापास झाली ना तवा. माझा बोलनाच कमी परला." हसत म्हणाली, कुणावर राग नाही, तक्रार नाही.

प्राची घाबरली. माझ्याकडे वळून तिने विचारलं, ताई, खरंच एवढं कठीण विचारतात का?

दर्शनाही माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, हो, विचारतात.