तात्यांचा नारळ

भवानीनगरला कारखान्याच्या लॅबमध्ये उसाच्या रसातली साखर मोजता मोजता मला विवेकी विचारांचे ब्लॉग वाचायची सवय लागली. चांगले ब्लॉग सापडायला मात्र फार वेळ गेला. बहुतेक जण दुसऱ्यांच्या अडाणीपणावर तोंडसुख घेणारे. मलाही तेच आवडायचं, खोटं कशाला सांगू? शेवटी एक बरा सापडला. त्या माणसानं एक पान फक्त स्वतःच्या चुकांसाठी ठेवलं होतं. आधी काय वाटायचं, मत कशामुळं बदललं, सगळं सरळ लिहिलेलं. मी ते पान कौतुकानं चार मित्रांना पाठवलं आणि त्याच ब्लॉगवर वाचलेली एक चाचणी डोक्यात घेऊन शेळगावला गेलो.

शेळगावला माझे चुलते, तात्या, पाणी बघायचे. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालायचे. नारळ उभा राहिला की तिथं बोअर घ्यायचं. चहाशिवाय कुणाकडून काही घेत नसत. त्या दिवशी शेजाऱ्याच्या रानात त्यांनी जागा दाखवली आणि मी म्हणालो, "तात्या, आता डोळे बांधून परत दाखवा."

ते लगेच तयार झाले. मी माझाच रुमाल बांधला. नारळ तीनदा उभा राहिला, तीन वेगळ्या ठिकाणी. प्रत्येक ठिकाणी मी खूण केली. चौथ्यांदा ते सरीत अडखळून पडले. माणसं हसली. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो.

तात्यांनी रुमाल सोडला, तिन्ही खुणा नीट बघितल्या. "पोरगं बरोबर बोलतंय. मला कळत न्हाय," असं सगळ्यांसमोर म्हणाले आणि तो नारळ तिथंच फोडून वाटला. मीही खोबरं खाल्लं. त्यानंतर त्यांनी कुणाचं पाणी बघितलं नाही.

त्याच उन्हाळ्यात वडगाव निंबाळकरच्या माझ्या जमिनीच्या तुकड्यात मी पाणी शोधायच्या मशिनवाल्याकडून जागा काढून बोअर घेतलं. तळापर्यंत नुसता धुरळा.

दिवाळीला तात्यांनी विचारलं, "तुझ्या बोअरला पाणी लागलं का रं?"

एका कोरड्या बोअरनं मशिन खोटं ठरत नाही, एवढं तरी मी वाचलं होतं. खरं सांगायला काहीच हरकत नव्हती. पण ते मला हसतील या भीतीनं जीभ वळली नाही. ते हसले नसते, हेही मला माहीत होतं.

"लागलं की. अडीच इंची."

तात्यांचा चेहरा खुलला. "बघ, मशिनचंच खरं. मी उगंच लोकांना फिरवलं."

आता कुणी पाणी बघायला बोलवायला आलं, की ते त्याला मशिनवाल्याकडं पाठवतात. "माझ्या पुतण्याच्या रानात अडीच इंची लागलंय," म्हणतात. तो ब्लॉग मी अजून वाचतो. चुकांचं पान तेवढं उघडत नाही.

परवा शेळगावहून एकाचा फोन आला. तात्यांनी नंबर दिलाय, तुमच्या बोअरचं पाणी बघायला येऊ का?

मी म्हणालो, मोटर जळालीय.