मी न घेतलेलं मौन

बिडीच्या कारखान्यात मी वळणारा म्हणून लागलो आणि पुढे वाचणारा झालो. त्यात माझं कर्तृत्व एवढंच, की मी मराठी चार इयत्ता शिकलो होतो आणि तिथल्या बाकी कुणी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. वासरात लंगडी गाय शहाणी, तशातली गत. गोंदियातल्या त्या लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये माणसं मांडीवर सूप घेऊन दिवसभर तेंदूची पानं कापायची, तंबाखू भरायची, धागा गुंडाळायची. हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, कान तेवढे रिकामे. म्हणून रीत अशी पडली होती, की एकानं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी आपापल्या सुपातल्या मूठभर बिड्या त्याच्या सुपात टाकायच्या. संध्याकाळी माल द्यायची वेळ आली की माझं सूप इतरांइतकंच भरलेलं असे. शेठची तक्रार नव्हती. वाचन चालू असलं की लोक उगाच उठून बाहेर जात नाहीत, एवढं त्याला पुरे होतं.

वर्तमानपत्र नागपूरहून गाडीनं यायचं, एक दिवस शिळं. मी सकाळी कुडव्याहून, माझ्या गावाहून, पायी निघायचो, स्टेशनावरून ते घ्यायचो आणि कारखान्यात जाऊन बसायचो. लढाई चालू होती तेव्हा लढाई वाचली. बंगालात माणसं अन्नावाचून मेली ते वाचलं, आणि वाचताना समोरच्या मिलच्या अंगणात तांदळाच्या पोत्यांची थप्पी दिसत होती. पुढारी तुरुंगात गेले, सुटले, वाटाघाटीला बसले, काही न ठरवता उठले, तेही वाचलं. सुरुवातीला अंगावर काटा यायचा. पुढे यायचा बंद झाला. ऐकणाऱ्यांचंही तसंच झालं असावं, कारण माझ्या शेजारी बसणारे एक म्हातारे, ज्यांना सगळे मामा म्हणत, शेवटचं पान संपलं की रोज एकच विचारायचे, राकेलचं काही लिहिलंय का? आणि कापडाचं? ते कधीच लिहिलेलं नसायचं. राकेल आलं की नाही ते कंट्रोलच्या दुकानासमोर उभं राहिल्यावरच कळायचं, आणि बहुधा आलेलं नसायचं.

लढाई संपली त्या सुमारास माझा आवाज बसला. त्या शेडमध्ये तंबाखूची धूळ उन्हाच्या पट्ट्यात दिसायची, आणि मी दिवसभर तोंड उघडं ठेवून ती खात होतो. आधी खरखर, मग कोंबडं दाबल्यासारखा आवाज, मग दुपारनंतर नुसती हवा. वाचता येईना म्हणून मी बऱ्याच दिवसांनी तेंदूचं पान हातात घेतलं. बोटांना काही आठवेना. संध्याकाळी चेकरनं माझा माल उचलला, चिमटीत दाबून पाहिला आणि जवळजवळ सगळा छाटीत, म्हणजे नापास मालात, टाकला. छाटीत गेलेल्या बिडीची मजुरी नसते. घरी बायको आणि लहान पोरगी. माझ्या घरची चूल माझ्या गळ्यावर चालत होती, हे मला त्या संध्याकाळी नीट समजलं.

सरकारी दवाखान्यात बायको बरोबर आली. सकाळपासून रांगेत बसल्यावर आमचा नंबर लागला तेव्हा कंपाउंडरनं विचारलं, बाटली कुठाय? औषधाची बाटली आपली आपण न्यायची असते, हे सगळ्या जगाला माहीत होतं, आम्हालाच नव्हतं. बायको बाहेर जाऊन कुणाकडून तरी एक बाटली मागून आली. तिला राकेलचा वास येत होता. राकेल मिळत नव्हतं, वास मात्र मिळाला. मग कंपाउंडर माझ्यावर ओरडला, काय होते ते बोल. मी गळ्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, तोंडानं बोल, इथे इशारे चालत नाहीत.

डॉक्टर मात्र भला माणूस होता. त्यानं जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली, घशात छोटा आरसा घालून बराच वेळ पाहिलं. म्हणाला, आवाजाच्या जागी गाठी आल्यात. आवाज पूर्ण बंद ठेवायचा, कुजबुजायचंही नाही. मी पुन्हा तपासून बोला म्हणेन तेव्हाच बोलायचं. त्याआधी एक शब्द काढलात तर आवाज कायमचा गेला समजा. हे सगळं त्यानं बायकोकडे बघून सांगितलं, जणू मला ऐकूही येत नव्हतं. तिनं त्याची खूणगाठ बांधली.

मी पोरीची पाटी घेऊन कारखान्यात गेलो. पाटीवर ठळक लिहिलं होतं, डॉक्टरांनी बोलू नका असं सांगितलं आहे. सगळ्यांनी ती पाटी पाहिली. एकानं दुसऱ्याला दिली, दुसऱ्यानं तिसऱ्याला. उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की त्या शेडमध्ये ती पाटी वाचून दाखवू शकेल असा एकच माणूस होता आणि त्याला बोलायची मनाई होती. मी गळ्याला हात लावला, ओठांवर बोट ठेवलं, मान हलवली. मामांनी ते सगळं गंभीरपणे पाहिलं आणि त्याचा अर्थ लावून टाकला.

"यानं मौन धरलं. आपल्यासाठी वाचून वाचून याच्या मनाले लागलं. स्वराज्य येईपर्यंत बोलत नाही तो."

मी दोन्ही हात हलवून नाही नाही केलं. मौनी माणूस मोठेपणा नाकारतोच, असं त्यांनी मानलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. बायकोनं विहिरीवर बायांना खरं सांगितलं, तिचं कुणी मनावर घेतलं नाही. नवऱ्याला मिरवायचं नाही म्हणून अशी बोलते, असं ठरलं. संध्याकाळी मामांनी आपल्या सुपातली मूठ माझ्या सुपात टाकली. मी न वाचताच टाकली. म्हणाले, हा देशासाठी बसला, मंग याची चूल काऊन विझावी? त्यांच्यामागून सगळ्यांनी टाकली. माझं सूप भरलं. मला बरं वाटायला हवं होतं, किंवा लाज तरी. दोन्हीतलं काही वाटलं नाही. घरी तांदूळ आला एवढं खरं.

गावात खादीच्या टोपीचा एक तरुण कार्यकर्ता होता. बाजारातलाच, घरात हिंदी बोलणारा, सभा असली की टांगा फिरवून ओरडणारा. माझी कीर्ती ऐकून तो कारखान्यात आला. त्याला वाचता येत होतं. मी पाटी त्याच्यापुढे धरली तेव्हा जिवात जीव आला. त्यानं ती शेवटपर्यंत वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि तळव्यानं पुसून टाकली.

"ये लोगों को बताने की ज़रूरत नहीं," तो हळूच म्हणाला. "कल सभा में आप बस बैठ जाइए."

मी बसलो. न बसून सांगणार काय होतो? झेंडूचा हार घातला. कार्यकर्त्यानं लोकांना सांगितलं, की बोलणारे पुष्कळ झाले, आता हा न बोलणारा पाहा. बोलणाऱ्याची बोरंही विकली जातात म्हणतात. माझी न बोलताच विकली जात होती आणि विकणारा दुसरा होता. पुढे दवनीवाड्याच्या सभेलाही नेलं, बैलगाडीतून. माझी सासुरवाडी त्याच बाजूची. सासरे पहिल्या रांगेत बसून जावयाकडे कौतुकानं पाहत होते. आजवर ते माझ्याशी धड दोन वाक्यं बोलले नव्हते. हार, टाळ्या, घोषणा हे सगळं मला दुरून, पाण्याखालून ऐकल्यासारखं वाटायचं. घशात दुखणं कमी झालं होतं, एवढ्याकडेच माझं लक्ष असे. डॉक्टर बोला म्हणाला की मी आधी घरी बोलेन, मग कारखान्यात जाऊन सगळं सांगेन आणि वाचायला बसेन, असा माझा बेत होता.

सांगितल्या वेळी दवाखान्यात गेलो तर डॉक्टर रजेवर. पुन्हा गेलो तर त्याची बदली झालेली, नवा अजून यायचा होता. कंपाउंडर न विचारता तेच लाल मिक्सचर ओतून द्यायचा. पाटीवर मी विचारलं, आता बोलू का? तो म्हणाला, ज्यांनी बंद केलं तेच उघडतील, मी कोण सांगणार? मी रिकाम्या खुर्चीला नमस्कार करून परत यायचो. गाड्या उशिरा येत होत्या, वर्तमानपत्रात दिल्लीच्या बोलण्यांना ऊत आला होता, मी ते मनातल्या मनात वाचायचो आणि घडी घालून ठेवायचो.

शेवटी नवा डॉक्टर आला. दक्षिणेकडचा होता, मराठी अक्षर त्याला येत नव्हतं. मी पाटीवर लिहिलं, घसा तपासा. त्यानं पाटी कंपाउंडरकडे दिली. कंपाउंडरनं मला सभेत हार घालताना पाहिलं होतं. त्यानं पाटीकडे नीट पाहिलंही नाही. हे मौनी आहेत, स्वराज्यासाठी, असं इंग्रजी-हिंदीत समजावून सांगितलं. वर्षापूर्वी सरकारी डॉक्टरनं अशा माणसाला दारातही उभं केलं नसतं. आता वारं फिरलं होतं. डॉक्टर खुर्चीवरून उठला, हात जोडले आणि ताकदीचं औषध लिहून दिलं. मी तोंड उघडून घशाकडे बोट दाखवत राहिलो. त्यानं पुन्हा हात जोडले.

बायको त्या दिवशी बाहेर पायरीवर बसली होती. माझा चेहरा बघून ती उठली. रस्त्यात एवढंच म्हणाली, नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात जाऊ. पण नागपूरला जायचं तर कारखाना बुडणार, आणि मौनी माणूस दवाखाने शोधत फिरतो हे दिसलं असतं. मूठ बंद झाली असती. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता स्वराज्यच आलं.

त्या दिवशी मैदानावर सगळं गोंदिया लोटलं होतं. झेंडा चढला, पोरांना पेढे वाटले. कार्यकर्त्यानं मला पुढे आणलं आणि सांगितलं, आज यांचं मौन सुटणार, स्वतंत्र देशातला यांचा पहिला शब्द ऐका. बायकांच्या गर्दीत माझी बायको मला दिसली. ती मान हलवून नको म्हणत होती. तिच्या हिशेबी डॉक्टरनं अजून बोला म्हटलेलं नव्हतं. पण एवढी माणसं तोंडाकडे बघत असताना काय करायचं? जयहिंद म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं, जोर लावला. हवा आली. पुन्हा लावला. दार करकरावं तसं काही तरी झालं आणि पुन्हा हवा.

"गला भर आया है," कार्यकर्ता लोकांना म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही जण रडलेसुद्धा.

घरी आल्यावर बायकोनं दार लोटून घेतलं. माझ्या गळ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "पोरीले हाक मारून पाहा." पोरगी समोरच उभी होती. मी हाक मारली. ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. बायकोनं हात काढून घेतला आणि चुलीकडे गेली. तिला रडू आलं असणार, तिची पाठ माझ्याकडे होती. मला आलं नाही. मी पोरीनं आणलेला पेढा खाल्ला, गोड लागला.

दुसऱ्या दिवशी कारखाना उघडला. वर्तमानपत्र नेहमीप्रमाणे एक दिवस उशिरा, पण कधी नव्हे एवढं जाडजूड आलं होतं. मी पोचण्याआधीच कुणीतरी ते स्टेशनावरून आणून माझ्या जागेवर ठेवलं होतं. सगळे कात्र्या खाली ठेवून बसले होते. स्वराज्य आलं तर सही, पण आपल्यासाठी काय काय ठरलं ते त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मामा म्हणाले, वाच बाबा, आता कायची अडकाठी?

मी गळ्याला हात लावून मान हलवली. तीच खूण, पहिल्या दिवशी केलेली. पण आता तिचा दुसरा अर्थ लावायला काही उरलं नव्हतं. मी वर्तमानपत्र उघडून मनातल्या मनात वाचायला लागलो, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. ते सगळे माझा चेहरा बघत होते. बातमी चांगली की वाईट, मोठी की छोटी, राकेल आहे की नाही, ते माझ्या चेहऱ्यावरून तरी कळेल म्हणून. मी वाचत होतो आणि माझ्या चेहऱ्यावर काही येत नव्हतं. एक एक करून माना सुपांकडे वळल्या, कात्र्या चालायला लागल्या.

संध्याकाळ व्हायला आली तरी माझ्या सुपात कुणी मूठ टाकली नाही. कुणी मुद्दाम टाकली नाही असंही नाही. मौनी माणसाला देत होते, वाचणाऱ्याला देत होते, आणि मी दोन्ही नव्हतो. मामांनी बराच वेळ वाट पाहिली. मग आपल्या भिजवलेल्या पानांतली थोडी माझ्यापुढे सरकवली आणि कात्री ठेवली.

"तो कागद ठेव आता," ते म्हणाले. "पान काट."

पहिलं पान माझ्या हातात फाटलं. मी दुसरं घेतलं.