वापरलेल्या पुंगळ्या

दिल्लीतल्या मुनिरकात माझ्या खोलीखाली लष्करातून निवृत्त झालेले एक नेमबाज राहत. रायफलच्या काडतुसांच्या वापरलेल्या पितळी पुंगळ्या ते घरीच दारू-गोळी घालून पुन्हा भरत. त्याचा परवाना भिंतीवर लावलेला होता. नागरी सेवेच्या पूर्वपरीक्षेत दुसऱ्यांदा नापास होऊन मी गावी परत निघालो, तेव्हा खोलीची किल्ली त्यांच्याकडे द्यायला गेलो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, म्हणून मान वर होत नव्हती.

ते खिडकीशी बसून एकेका पुंगळीत वाकवलेली तार घालून आतून अलगद फिरवत होते. एक लख्ख पुंगळी त्यांनी भंगारात टाकली.

"अंकल, ये तो नई जैसी है!"

"बाहर से. अंदर दरार है, तार अटकती है." मग त्यांनी एक काळवंडलेली उचलली. "ये पाँच बार चल चुकी. फिर चलेगी."

"और कितनी बार?"

"कैसे बताऊँ, बेटा? हर बार अंदर देखना पड़ता है. तुमने अपना पर्चा देखा?"

निकालानंतर मी प्रश्नपत्रिका उघडलीच नव्हती. ती बॅगेच्या तळाशी होती.

किल्ली तशीच मुठीत धरून मी वर आलो. गाडीला चार तास होते. पेन्सिल घेतली आणि पहिल्या प्रश्नापासून बघायला बसलो.